सापाचं अंडं फुटताना: शेवटच्या दहा दिवसांत काय करायचं, काय नाही

आजचा विषय तसा लहान आहे. सापाचं अंडं फुटायच्या आधीचे आठ-दहा दिवस आणि फुटल्यानंतरचे दोन-तीन दिवस, एवढ्याचबद्दल आपण बोलणार आहोत. पण दोन महिने व्यवस्थित सांभाळलेली अंडी हातची जातात ती आमच्या पाहण्यात बहुतेक याच दिवसांत, आणि तीसुद्धा दुर्लक्षामुळे नाही तर जास्तीच्या काळजीमुळे. म्हणून हा विषय वेगळा काढला.

हसनाबादला तो घ्यायचं कारण तुम्हाला सांगायला नको. गिरिजा-पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, घरोघरी मका आणि धान्य. धान्य तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे नाग आणि धामण. एप्रिल-मे महिन्यात यांच्या माद्या अंडी घालतात: उंदरांच्या बिळात, वारुळात, शेणखताच्या ढिगात, कडब्याच्या गंजीखाली, पडक्या मातीच्या भिंतीत. मग पावसाच्या आधी शेतीची आवराआवर सुरू झाली की गंजी मोडताना, खत उपसताना, जेसीबी लावताना ती उघडी पडतात. पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली. दाबून पाहिलं तर कोंबडीच्या अंड्यासारखं टणक कवच नाही, चामड्यासारखं मऊ. त्यानंतर काय होतं? कोणी रॉकेल ओतून पेटवतं, कोणी फावड्यानं बांधावर भिरकावतं, आणि कोणी चांगल्या मनानं डब्यात भरून घरी आणतं. आज बोलायचंय ते या तिसऱ्या माणसाशी.

त्याला आधी कायदा सांगू, कारण तो फार कमी लोकांना नीट माहीत असतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये 'प्राणी' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी येतात. 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत अशी अंडी फोडणं आणि त्यांना किंवा घरट्याला धक्का लावणंही येतं. म्हणजे नागाची अंडी पेटवली, तर कायद्याच्या नजरेत ती शिकारच झाली. दुसरी बाजू अशी की चांगल्या हेतूनं का असेना, ती घरी ठेवून घेणंही आपल्या अधिकारात नाही. वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता मानली जाते, आणि ती आपल्या ताब्यात आली तर ४८ तासांच्या आत पोलिसांना किंवा वनविभागाला कळवावं लागतं. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. सर्पमित्र म्हणून ओळखपत्र गळ्यात असलं तरी हे कळवणं चुकत नाही. आपल्याकडे 'पाळीव नाग' अशी गोष्ट कायद्यात नाहीच.

हे व्याख्यान पुढे इंटरनेटवर वाचणारे काही जण पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असतील, त्यांच्या घरी बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक असेल. ते साप बाहेरचे, त्यांचा नियम वेगळा. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची भारतात नोंदणी करावी लागते, त्याचे नियम २०२४ मध्ये निघाले, आणि घरात पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. अंडं फुटण्याची रीत मात्र बॉल पायथनची आणि आपल्या धामणीची जवळजवळ एकच. तेव्हा पुढचं सगळं त्यांनाही लागू आहे.

आता एक साधी गोष्ट. सगळे साप अंडी घालत नाहीत. घोणस, फुरसं, मांडूळ, हरणटोळ हे थेट पिल्लं देतात. नाग, मण्यार, धामण, कवड्या, तस्कर, दिवड, अजगर हे अंडी घालणारे. त्यामुळे कोणी 'घोणशीची अंडी सापडली' असं सांगितलं, की ती दुसऱ्याच कोणाची तरी आहेत हे तिथेच समजावं. सरड्याची असतील, घोरपडीची असतील, किंवा नागाची असतील.

सापडलेली अंडी उचलायची की नाही? आमचं मत स्पष्ट आहे. जागा पुन्हा झाकता येत असेल, माणसांची ये-जा थांबवता येत असेल, तर उचलायची नाहीत. शेताच्या कडेचं वारूळ असेल तर तिथे चार काठ्या रोवा, मुलांना सांगा, दोन महिने ती जागा सोडून द्या. याचं एक मोठं उदाहरण आपल्या ओळखीच्या रस्त्यावरचं आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलहून निघतो, कोकणातून खाली केरळात जातो. त्याच महामार्गाचं रुंदीकरण २०२२ मध्ये केरळातल्या कासरगोडजवळ चालू होतं, तेव्हा एका बिळात अजगराची मादी २४ अंड्यांवर वेटोळं घालून बसलेली आढळली. त्या जागेचं काम ५४ दिवस थांबवलं. अंडी लगेच हलवली का नाहीत? कारण अजगराची मादी नुसती राखण करत नाही. ती अंगाचे स्नायू आखडत-सैल करत राहते आणि त्यातून अंड्यांना ऊब देते. तिला उठवलं की ती ऊब गेली. नागिणीचं तसं नाही. ती अंड्यांपाशी थांबते, राखण करते, पण अंगानं ऊब देत नाही. ऊब जमिनीची असते. म्हणून नागीण मारली गेली तरी तिची अंडी जगू शकतात, आणि म्हणूनच ती वाचवण्याचा प्रश्न येतो.

उचलायचीच वेळ आली, घर पाडायलाच घेतलंय, पर्याय नाही, तर एकच नियम पक्का लक्षात ठेवा: अंडं फिरवायचं नाही. आपली खुडूक कोंबडी दिवसातून कितीतरी वेळा अंडी उलटवते, त्यामुळे लोकांना वाटतं हेही तसंच. कोंबडीच्या अंड्यात बलकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे पीळदार दोर असतात, त्यामुळे अंडं फिरलं तरी जीव वरच्या बाजूला राहतो. सापाच्या अंड्यात ते नसतात. घातल्यानंतर लवकरच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. अंडं उलटं झालं की बलकाचा भार त्याच्यावर येतो आणि तो गुदमरतो. वेळासला कासवांची अंडी हॅचरीत हलवतात तेव्हाही हीच दक्षता घेतात. तर पेन्सिलीनं वरच्या बाजूला फुली मारा, पेनानं नाही, आणि चिकटलेली अंडी एकमेकांपासून ओढू नका. घड जसा आहे तसा उचला.

मधल्या दिवसांबद्दल थोडक्यात सांगतो. नर्सरीत मिळणारं कोकोपीट किंवा व्हर्मिक्युलाइट घ्या, ओलं करून मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. त्यात अंडी अर्धी रुतवा. तापमान २८ ते ३० अंशांच्या आसपास. आणि इथेच जालना जिल्ह्याचा खरा प्रश्न आहे. पुस्तकं थंड देशांत लिहिलेली असतात, त्यात अंडी गरम कशी ठेवायची ते असतं. आपल्याला मे महिन्यात ती थंड ठेवायची आहेत. बाहेर चाळिशीच्या वर पारा, पत्र्याखाली त्याहून जास्त. पस्तिशीच्या पुढे तापमान रेंगाळलं तर गर्भ वेडावाकडा होतो किंवा मरतो. जुन्या मातीच्या घराची आतली खोली, जमिनीलगतचा कोपरा, थर्माकोलचा खोका आणि त्यात पाण्यानं भरलेल्या दोन-तीन बाटल्या, म्हणजे वीज आली-गेली तरी आतलं तापमान झटकन बदलत नाही. आणि कृपा करून कोंबडीची अंडी उबवायचं मशीन वापरू नका. ते साडेसदतीस अंशांवर चालतं आणि वर अंडी आपोआप फिरवतं. सापाच्या अंड्याला या दोन्ही गोष्टी घातक आहेत.

आता मुख्य भाग. नागाची अंडी साधारण पन्नास ते पासष्ट दिवसांत फुटतात, धामणीची साठच्या आसपास. उबेप्रमाणे मागेपुढे होतं. पण सापडलेल्या अंड्यांची तारीख आपल्याला माहीत नसते. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा अंडं वाचायला शिकायचं.

आतापर्यंत अंडं पाणी शोषून फुगत आलेलं असतं, टम्म. फुटायच्या काही दिवस आधी ते उलट बसायला लागतं. वर खळगा पडतो, सुरकुत्या येतात, कवच पातळ वाटायला लागतं, कधी त्याच्यावर घामासारखे थेंब दिसतात. इथे पहिला घोटाळा होतो. माणूस घाबरतो, अंडी सुकली म्हणतो, आणि वरून पाणी शिंपडतो. दोन-तीन वेळा शिंपडलं की डब्यात चिखल होतो, आणि नेमकी याच वेळी पिल्लानं पहिली चीर पाडलेली असली तर त्या चिरेतून पाणी आत जातं. आत डोकं असतं. पिल्लू बुडून मरतं. अंड्यात बुडून, विचार करा.

मग सुकलेलं आणि पिकलेलं यातला फरक कसा ओळखायचा? सुकलेली अंडी बहुतेक सुरुवातीला किंवा मध्येच खचतात, आणि तेव्हा खालचं कोकोपीटही हाताला कोरडं लागतं. पिकलेली अंडी शेवटी खचतात, बरीचशी एकाच सुमारास, आणि खाली ओल असते. रात्री दिवा मालवून टॉर्च अंड्याच्या बाजूला टेकवा, अंडं न उचलता. मधल्या दिवसांत आत लाल शिरांचं जाळं दिसतं. शेवटाकडे जवळजवळ सगळं अंडं गडद दिसतं, कधी आत काहीतरी सरकतं. एवढं पाहिलं की टॉर्च ठेवून द्या. कोरडं वाटलंच तर पाणी डब्याच्या कडेनं, कोकोपीटमध्ये, चमचाभर. अंड्यावर नाही.

या दिवसांत पिल्लू पूर्ण वाढलेलं असतं, त्याला हवा जास्त लागते. दिवसातून एकदा झाकण उघडून हवा बदलू द्या. दिवसातून एकदा, दर तासाला नाही. आणि याच वेळी डबा बदलायचा असेल तर बदला, कारण एकदा चिरा पडल्यावर हलवाहलव नको. झाकण घट्ट बसणारं, भोकं अगदी बारीक. कवड्याचं नवजात पिल्लू किती सडपातळ असतं ते पाहिलंय ना? उदबत्तीच्या काडीपेक्षा थोडं जाड. शंका असेल तर भोकांवर बारीक जाळी चिकटवा आणि तो डबा कुलपाच्या मोठ्या पेटीत ठेवा.

मग एके सकाळी एका अंड्यावर ब्लेडनं मारल्यासारखी रेघ दिसते. कधी एक, कधी तीन-चार. पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकाला एक छोटा दात असतो, खास अंडं कापण्यासाठीचा. कोंबडीच्या पिल्लाच्या चोचीवर जो टोकदार उंचवटा असतो तो शिंगासारख्या पदार्थाचा. सापाचा मात्र खराखुरा दात असतो, आणि काम झालं की काही दिवसांत गळून पडतो. चिरेतून थोडा चिकट द्रव येतो, मग नाकाचं टोक, मग डोकं. डोकं बाहेर येतं, इकडेतिकडे बघतं, आणि थांबतं.

किती वेळ थांबतं? बारा तास, चोवीस तास, काही वेळा दीड-दोन दिवस. आणि इथे दुसरा, सगळ्यात मोठा घोटाळा. बघणाऱ्याला वाटतं पिल्लू अडकलंय. बिचाऱ्याला जोर लागत नाहीये. कोणीतरी चिमटा आणतं, कोणी कात्री.

ते अडकलेलं नसतं, मंडळी. ते शिदोरी भरून घेत असतं. अंड्यात अजून बलक शिल्लक असतो, आणि पिल्लाच्या पोटाशी तो नाळेनं जोडलेला असतो. या थांबण्याच्या तासांत तो बलक पोटात ओढला जातो, रक्तवाहिन्या आकसतात, बेंबीची जागा बंद होत येते. सोबतच ते पहिल्यांदा फुप्फुसानं श्वास घ्यायला लागलेलं असतं. हा बलक त्याचं पुढच्या कित्येक दिवसांचं जेवण आहे. तुम्ही मध्येच ओढून काढलं, तर बलकाची पिशवी बाहेर लोंबते, नाळेतून रक्त जातं, उघड्या बेंबीतून जंतू शिरतात. असं पिल्लू तुमच्या हातावर वळवळतं, फोटोत जिवंत दिसतं, आणि दोन-चार दिवसांत मरतं. तोवर फोटो गावभर फिरलेला असतो.

फोटोवरून आठवलं. झाकण उघडलं, हालचाल दिसली, की बाहेर आलेलं डोकं पुन्हा आत जातं. दर वेळी. दहा जणांनी दहा वेळा मोबाइल आत घातला तर ते पिल्लू बाहेर येणं पुढे ढकलत राहतं. पारदर्शक डबा घ्या, बाहेरून बघा, फ्लॅश नको.

आता कापण्याबद्दल. परदेशात अजगर पाळणारे काही जण पहिलं अंडं फुटलं की उरलेली स्वतःच कापतात. त्यावर त्यांच्यातही वाद आहेत. आमच्या मते वन्य सापाच्या अंड्यांना कात्री लावायचं कारण नाही. एका घडातली अंडी एकाच वेळी फुटत नाहीत, एक ते तीन दिवस पुढेमागे होतातच. ज्याला चीर पडली नाही ते पिल्लू बहुधा तयारच झालेलं नसतं, आणि कवचाला आतून लागून असलेली एखादी शीर कापली गेली तर ते रक्तस्रावानं जातं. सगळी भावंडं बाहेर येऊन दोन-तीन दिवस झाले, टॉर्चमध्ये हालचाल दिसतेय, पण चीर नाही, अशा वेळी पशुवैद्यक किंवा हे काम केलेला अनुभवी माणूस वरच्या बाजूला नखाएवढी छोटी खिडकी करू शकतो. बस्स. पिल्लाला बाहेर काढायचं नाही, फक्त दार उघडून द्यायचं. आणि हे नाग-मण्यारीच्या बाबतीत घरी करायचं कामच नाही.

कारण नागाचं पिल्लू विष घेऊनच जन्मतं. वीतभर लांबीचं असतं, अजून अर्धं अंड्यात असतं, आणि फणा काढतं. ते गोंडस वाटतं हे खरं आहे. पण त्याचे विषदंत कामाचे असतात, आणि दंश झाला तर उपचार मोठ्या नागाचाच, म्हणजे रुग्णालय आणि प्रतिसर्पविष. 'बारीक आहे, काय होतंय' म्हणून घरी बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा. डब्यात बोट घालायचं नाही, हूक आणि लांब चिमटा वापरायचा, आणि तोही पिल्लू पूर्ण बाहेर आल्यावरच.

बाहेर आलेल्या पिल्लांखाली ओला स्वच्छ टिश्यू पेपर ठेवा. कोकोपीटचे कण ओल्या बेंबीला चिकटतात म्हणून. एखाद्याची नाळ अजून लोंबत असेल तर कापू नका, वाळून पडते. बलकाची थोडी पिशवी बाहेर राहिली असेल तर त्याला वेगळ्या छोट्या डब्यात, ओल्या टिश्यूवर, अंधारात एकटं सोडा. बऱ्याचदा एक-दोन दिवसांत उरलेलं आत जातं. उथळ झाकणात पाणी ठेवा. खायला काही नको. पहिली कात साधारण आठवडा-दहा दिवसांत पडते, आणि बहुतेक पिल्लं त्यानंतरच खायला लागतात.

सोडण्यासाठी कातीची वाट पाहायची गरज नाही. बेंबी बंद झाली, पिल्लू नीट सरपटतंय, की वनविभागाला सांगून, त्यांच्यासमोर, जिथे अंडी सापडली त्याच परिसरात, वस्तीपासून जरा दूर सोडा. वीस पिल्लं एका झुडपाखाली ओतायची नाहीत. ती एकमेकांच्या तोंडचं खाणं काढतील, आणि एखादं मुंगूस सगळी एका बैठकीत संपवेल. बांधाच्या, ओढ्याच्या कडेनं चार-पाच ठिकाणी, संध्याकाळच्या सुमारास. मृगाच्या सरी झालेल्या असल्या तर बेडकं, पाली, उंदरांची पिल्लं यांची कमतरता नसते.

आता काही चिठ्ठ्या आल्या आहेत.

'नागाच्या पिल्लांना दूध द्यावं का?' नाही. साप दूध पचवू शकत नाही, मोठाही नाही, लहानही नाही. पाणी पुरे.

'उबवण्याच्या तापमानावर नर-मादी ठरतं का?' कासवांत आणि मगरीत ठरतं, सापांत नाही. सापाचं लिंग गुणसूत्रांवर ठरतं. तापमानानं पिल्लू सुदृढ की अधू हे मात्र ठरतं.

'एका अंड्याला बुरशी आली, काढून टाकू का?' सुटं असेल तर काढा. चिकटलेलं असेल तर ओढू नका, शेजारचं फाटेल. कोरड्या कापसानं बुरशी हलकेच पुसा आणि राहू द्या. मेलेल्या अंड्यावर बुरशी जोरात वाढते, जिवंत अंडं तिला बऱ्यापैकी दाद देत नाही.

'नागीण अंड्यांवर बसलेली दिसली तर?' तर मागे फिरा आणि १९२६ लावा. ती राखणीला आहे, पळून जाईल असं धरून चालू नका.

शेवटची चिठ्ठी: 'सगळी पिल्लं निघाली, एकच अंडं राहिलं. किती थांबू?' शेवटचं भावंड बाहेर आल्यापासून तीन-चार दिवस थांबा. या काळात ते आणखी आत खचलं, पिवळं-तपकिरी पडलं, वास यायला लागला, टॉर्चमध्ये काही हललं नाही, तर ते गेलं. त्याला चिरून आत काय होतं ते बघायची उत्सुकता असते. नागाचं असेल तर तेही करू नका, आतलं पिल्लू पूर्ण वाढलेलं असू शकतं. वनरक्षकाकडे जी नोंद देणार आहात, तिच्यात किती अंडी होती, किती फुटली आणि किती नाहीत, असे तिन्ही आकडे लिहा. मग ते अंडं वनरक्षकाला दाखवा, आणि त्यांनी सांगितल्यावर शेताच्या कडेला हातभर खड्डा करून पुरा, कुत्र्यानं उकरू नये एवढा खोल.